आतोबांचे अकरावे कलम

आमचे आतोबा जन्मले तेव्हा इतर पोरांसारखे रडले नसणार. त्यांनी सुइणीपुढे सविनय निवेदन सादर केले असणार आणि त्यात हवे त्याच्या दुप्पट दूध मागितले असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. मागणे ही कला आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ती कला नोकरी म्हणून तीस वर्षे चालवणारा, आणि त्या तीस वर्षांत स्वतःसाठी काहीही न मागणारा माणूस मी एवढा एकच पाहिला. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. ते एका विद्यापीठाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. विद्यापीठाचे नाव मी मुद्दामच घेत नाही. त्या विद्यापीठाने आपल्या कुठल्याही अहवालात आतोबांचे नाव घेतले नाही, मग मी तरी त्याचे का घ्यावे? दर साली सरकारी तिजोरीतून विद्यापीठाला अनुदान लागे, ते द्यायचे की नाही हे कौन्सिलातले मेंबर ठरवत, आणि मेंबरांची मर्जी सांभाळून मागणीचा मसुदा लिहिणे हे आतोबांचे काम होते. विद्यापीठात पदवीधरांना तोटा नव्हता, पण पदवी मिळाली की माणसाला मागायची लाज वाटते. म्हणून मागायला दुसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेला हेडक्लार्क ठेवला होता.

कचेरी शहरात असली तरी आतोबांचे बिऱ्हाड लोणावळ्याला, वळवणच्या रस्त्यावर होते. वडिलांनी रेल्वेत असताना बांधलेल्या तीन खोल्या तिथे होत्या. आठवडाभर आतोबा शहरात आणखी सहा कारकुनांबरोबर एका खोलीत राहत आणि शनिवारी संध्याकाळी घरी येत. मी तेव्हा लोणावळा स्टेशनात पार्सल क्लार्क होतो आणि त्यांच्या पडवीतल्या खोलीत राहत होतो, त्यामुळे रविवारचे आतोबा मला सबंध बघायला मिळत. मागायचे ते दुप्पट मागावे, म्हणजे निम्मे कापले गेले तरी भागते, हा त्यांचा कचेरीतला नियम होता आणि तो त्यांनी घरातही चालू ठेवला होता. ते चार भाकऱ्या मागत, आत्या दोन वाढी. ते चार कप चहा मागत, आत्या दोन देई. आठ पाहुणे येणार म्हणून सांगत, चार येत. वाटेत साप दिसला तर तो त्यांच्या तोंडून दोन हात वाढूनच घरी पोचे. इंदू, म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, बाबांचे प्रत्येक बोलणे लहानपणापासून मनातल्या मनात निम्मे करी, आणि तिचा हिशेब सहसा चुकत नसे. गोंधळ व्हायचा तो परक्यांचा. एकदा आत्या माहेरी गेली असताना कोकणातून नव्याने शेजारी राहायला आलेल्या बाईंनी आतोबांना होळीचे जेवायला बोलावले. किती पोळ्या वाढू, असे त्यांनी विचारले. आतोबा सवयीने "आठ" म्हणाले. त्या भाबड्या बाईंनी आठही वाढल्या. आतोबांनी घाम पुसत पुसत साडेसहा खाल्ल्या आणि सोमवारी कचेरीला जाऊ शकले नाहीत. एवढ्या कशाला खाल्ल्या, म्हणून मी विचारले, तर म्हणाले, "मंजूर झालेलं अनुदान वापरलं नाही, तर पुढच्या साली कापतात."

त्यांच्या काळ्या अल्पाकाच्या कोटाला डावीकडे एक खोल खिसा होता. मेंबर काय काय प्रश्न विचारतील आणि त्यांना काय काय उत्तरे द्यायची याची यादी त्या खिशात असे. कौन्सिलात उत्तर देणारे साहेब वेगळे असत, पण उत्तर आतोबांचे असे. "प्रश्न उद्भवत नाही", "माहिती गोळा करण्याचे काम चालू आहे", "सार्वजनिक हिताच्या दृष्टीने हे उघड करणे इष्ट नाही" अशा साऱ्या उत्तरांनी तो खिसा कायम फुगलेला असे. आत्याने नवा पितळी तांब्या त्यांच्याबरोबर दिला होता, तो ते गाडीत विसरले. तांब्या कुठे आहे, असे आत्या दर शनिवारी विचारी आणि आतोबा दर शनिवारी "माहिती गोळा करण्याचं काम चालू आहे" असे सांगत. हे दोन वर्षे चालले. शेवटी आत्याने दुसरा तांब्या घेतला, तेव्हा आतोबा म्हणाले, "आता प्रश्न उद्भवत नाही." त्यांना उत्तर सापडले नाही असे मी फक्त दोनदा पाहिले. ते दोन्ही प्रसंग पुढे येतीलच.

लोणावळ्यात राहण्याचा त्यांना मोठा फायदा होता. मे महिन्यात निम्मे कौन्सिल हवा खायला आमच्याकडे येई. राज्याच्या चिंतेने शिणलेल्या त्या मंडळींचे बंगले लोणावळ्या-खंडाळ्याच्या टेकड्यांवर पसरलेले होते. पुढे पावसाळ्यात कौन्सिल पुण्याला भरे, तेव्हा उरलेले निम्मे मेंबर आमच्या स्टेशनावरून जात. घाटाची इंजिने जोडायची-सोडायची असल्याने गाडी लोणावळ्याला जरा जास्तच थांबे. तेवढ्या वेळात आतोबा पहिल्या वर्गाच्या खिडकीशी उभे राहून विद्यापीठाची कैफियत मांडत. त्यांच्या एका हातात मसुदा असे आणि दुसऱ्या हातात गूळदाणीचा, म्हणजे आमच्या लोणावळ्याच्या चिक्कीचा पुडा. आधी गूळदाणी द्यायची, मग कागद. गूळदाणी दातांना चिकटते आणि दात चिकटलेला माणूस निदान दोन मिनिटे तरी "नाही" म्हणू शकत नाही, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व बरोबर होते, पण एका साली एका वृद्ध मेंबरांची कवळीच गूळदाणीबरोबर बाहेर आली आणि त्या साली ग्रंथालयाचे कलम रखडले. कोणत्या मेंबराला कशात गोडी आहे याची आतोबांकडे एक वही होती. कुणाला घोडे आवडत, कुणाला कलमी आंबे, कुणाला स्वतःचे भाषण. शेवटच्या वर्गातले सर्वांत जास्त होते. विद्येत गोडी असलेला मेंबर त्या वहीत मला सापडला नाही. मी तसे म्हटले तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले, "त्यासाठी पान कोरं ठेवलंय. येईल एखादा."

आता बोकडाची गोष्ट. आमच्याकडे कुसगावचे एक म्हातारे दूध घालत. त्यांना सगळे आबाच म्हणत. रविवारी दुधाची चरवी रिकामी केली की ते पडवीत टेकत आणि आतोबांशी राज्यकारभारावर बोलत. असेच एकदा आतोबा तक्रार करत होते, की मेंबरांना काहीतरी कापल्याशिवाय चैन पडत नाही. आपण काही कापले नाही तर लोक आपल्याला झोपलेले समजतील अशी त्यांना भीती वाटते, आणि मग हाताला लागेल ते कापतात. आबांनी ते ऐकून घेतले. म्हणाले, "भाऊ, आमच्या जत्रंला देवीम्होरं योक बोकड हुबा करत्यात. लय देखना. शिंगं रंगवल्याली. देवीची नजर त्याच्याव जाती, मंग बाकीची शेरडं वरीसभर सुखात ऱ्हात्यात."

"आणि बोकड?" मी विचारले.

"बोकडाचं काय? त्यो त्याच्याच साटी पाळल्याला असतुया."

आतोबा एकदम ताठ बसले. त्या दिवसापासून विद्यापीठाच्या प्रत्येक मागणीपत्रात एक बोकड असे. बोकड म्हणजे केवळ कापला जाण्यासाठी घातलेले कलम. पहिल्या वर्षी त्यांनी कारंजे मांडून पाहिले, पण त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. दुसऱ्या वर्षी वरच्या साहेबांनी कुणा बाईंच्या आग्रहावरून मुलींच्या वसतिगृहाचे कलम घालायला सांगितले. शहरात शिकायला येणाऱ्या मुलींना राहायला जागा नाही, तरी विद्यापीठाने बांधून द्यावी, असे ते साधे कलम होते. अनुक्रमाने ते अकरावे आले. कौन्सिलात ते वाचले गेले मात्र, मेंबर धावूनच आले. एकजण धर्मावर बोलला, एकजण चुलीवर बोलला, आणि ज्यांच्या स्वतःच्या मुली विलायतेत शिकत होत्या असे एक गृहस्थ आर्य स्त्रीच्या लज्जेवर इतके बोलले की त्यांना मध्येच पाणी द्यावे लागले. कलम अकरा एकमताने कापले गेले. संस्कृतीचे रक्षण झाले. मेंबर इतके तृप्त झाले की बाकीची सगळी कलमे चहाच्या आत मंजूर झाली. प्रयोगशाळेला नळ मिळाले, ग्रंथालयाला कपाटे मिळाली, आणि आतोबांना त्यांचा बोकड मिळाला. पुढे ते दर साली न चुकता कलम अकरा घालू लागले. खंडाळ्याच्या बंगल्यातले एक बडे मेंबर होते, त्यांच्या तर आतोबांनी कानातच सांगितले, की साहेब, काही कापायचेच झाले तर हे कापावे. आम्ही दोघे त्यावर खूप हसत असू. तेव्हा मीही हसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

आतोबांचा टाइपरायटरवर विश्वास नव्हता. त्या यंत्राला नम्रता जमत नाही, असे त्यांचे म्हणणे. मेंबरांना खाजगीत द्यायच्या प्रती ते घरी हाताने लिहवून घेत, आणि त्या लिही इंदू. पुण्याला मावशीकडे राहून ती शिकत होती. इंग्रजी चौथीत गेल्यापासून दर मे महिन्यात ती सुट्टीला आली की पडवीत बैठे मेज मांडून प्रती लिहायला बसे. अक्षर असे की मेंबरांनी मजकूर वाचला नाही तरी कागद फेकवत नसे. कलम अकरा जवळ आले की आतोबा सांगत, "हे जरा ठळक लिही गं." बोकडाची शिंगे लांबून दिसायला हवीत ना. इंदू दौतीत टाक पुन्हा बुडवी आणि ते कलम ठळक लिही. का, ते तिने कधी विचारले नाही. विचारायची तिला गरजच वाटली नव्हती. आपले बाबा मुलींच्या वसतिगृहासाठी दर साली सरकारशी भांडतात, दर साली हरतात आणि पुढच्या साली पुन्हा भांडतात, असे ती आपल्या मैत्रिणींना अभिमानाने सांगत असे. मला हे ठाऊक होते. आतोबांनाही ठाऊक असावे. पण तिचा समज काढून टाकावा असे दोघांपैकी कुणालाही वाटले नाही, कारण तो समज ऐकायला फार गोड होता.

इंदू मॅट्रिक झाली, आणि चांगल्या गुणांनी झाली. त्याच उन्हाळ्यात मावशीच्या यजमानांची कराचीला बदली झाली आणि पुण्याचे घर मिटले. इंदूला शास्त्र शिकायचे होते. शहरात कॉलेज होते, तिला प्रवेशही मिळाला असता, पण राहायचे कुठे? बाबांच्या खोलीत सहा कारकून. मुलींचे एक खाजगी वसतिगृह होते, पण तिथली फी ऐकून आत्याने विषयच बंद केला. इंदू मात्र निर्धास्त होती. नेहमीप्रमाणे पडवीत बसून तिने कलम अकरा ठळक अक्षरात लिहिले, शाई वाळू दिली, आणि मान वर न करता म्हणाली, "बाबा, यंदा होईल ना हो? आता मलाच लागणार आहे."

आतोबांचा हात डाव्या खिशाकडे गेला. खिशात पुष्कळ उत्तरे होती, पण त्या प्रश्नाचे नव्हते. त्यांना गप्प झालेले मी पाहिले, ती ही पहिली वेळ.

त्या दिवसापासून आतोबांची झोप उडाली. बोकड आता घरचा निघाला होता आणि तो वाचवायचा होता. त्यांनी इंदूकडून सगळ्या प्रती नव्याने लिहवून घेतल्या. वसतिगृहाला पहिल्या कलमाचा मान दिला, त्यावर अशी पाने लिहिली की वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि अकराव्या जागी नवा बोकड उभा केला, तो म्हणजे पदवीदान सभागृहातल्या खुर्च्यांना तांबडी मखमल. इतके निर्लज्ज कलम कोण मंजूर करील? मग एका रविवारी त्यांनी इंदूला नऊवारी नेसायला सांगितली, मला बरोबर घेतले आणि आम्ही खंडाळ्याच्या बड्या मेंबरांच्या बंगल्यावर गेलो. जिवंत विद्यार्थिनी डोळ्यांनी बघितली तर मेंबरांचे मन द्रवेल, असा त्यांचा होरा. पण त्यातही माणूस असा, की ती आपली मुलगी आहे हे काही त्यांनी सांगितले नाही. इतक्या वर्षांत स्वतःच्या घरासाठी मागितले नव्हते, ते आता कसे मागायचे? "ही आमच्या इकडची एक विद्यार्थिनी," एवढेच म्हणाले.

मेंबरसाहेब दिलदार होते. त्यांनी इंदूला पन्हे दिले, गुण विचारले, शाबासकी दिली. मग कागद चाळला आणि मोठ्याने हसले. "अहो, यंदा जागा बदललीत वाटतं? पहिल्याला आणलंत तरी आम्ही ओळखणार नाही होय! अहो, हे कापायची आता वहिवाट पडली आहे. आणि मला शिकवलं कुणी? तुम्हीच तर कानात सांगितलं होतंत, काही कापायचंच तर हे कापा म्हणून." ते आणखी पुष्कळ हसले. बिचाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हते. इंदूने पन्ह्याचा पेला हळूच खाली ठेवला. त्यात अजून अर्धे पन्हे होते.

आम्ही खंडाळ्याहून पायीच परतलो. आतोबा छत्री काखेत धरून पुढे चालत होते आणि इंदू मागे. वळवणच्या वळणावर ती म्हणाली, "बाबा, मी चार वर्षं ते ठळक लिहीत होते." त्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मला मात्र त्या क्षणी आतोबांचा राग आला, आणि खरे सांगायचे तर तो अजूनही थोडा येतो. पुढच्या रविवारी दूध घालायला आलेल्या आबांना आत्याने सगळे सांगितले. आबा चरवी हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "बोकड सोडायच्या आदी त्यो घरचा हाय का परका, येवडं बगाया पायजे व्हतं, भाऊ." आतोबांनी फक्त मान हलवली.

पावसाळ्यात कौन्सिल पुण्याला भरले. आतोबा रजा काढून, पदरच्या तिकिटाने, दररोज प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. पहिले कलम निघाले. या वेळी धर्मावर कुणी बोलले नाही, चुलीवरही नाही. बोलायची गरज उरली नव्हती. अध्यक्षांनी कलमाचे नाव उच्चारले, दोन-चार हात सवयीने वर झाले, आणि कुणाची शिंक पुरी होण्याच्या आत ते कापले गेले. अकराव्या कलमावर मात्र चर्चा झाली. पदवीदानाला पहिल्या रांगेतल्या त्या खुर्च्यांवर मेंबर स्वतःच बसत असत. तिथल्या वेताच्या बैठका फार टोचतात, अशी कळकळीची भाषणे झाली, आणि मखमल मंजूर झाली. आतोबांच्या तीस वर्षांत मागितले तेवढे पुरे मिळाले ते हे एकच कलम. मेंबरांनी तर मखमलीचा आकडा वाढवूनही दिला.

इंदू कॉलेजात गेली नाही. ट्रेनिंग करून लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, पुढे हेडमास्तरीण झाली, आणि उत्तम झाली. शाळेत तिने फुलांचे भाग शिकवले तर मुली वर्षभर वाटेतली फुले तोडून पाकळ्या मोजत हिंडत. बापाशी ती कधी वाईट बोलली नाही. फक्त त्यांच्या मसुद्याच्या प्रती तिने पुन्हा लिहिल्या नाहीत, आणि आतोबांनीही त्या लिहायला सांगितले नाही. ते स्वतःच्या किरट्या अक्षरात लिहू लागले. आणखी एक गोष्ट त्यांनी केली. पुन्हा कधी बोकड घातला नाही. वसतिगृह दर साली पहिल्या कलमात, आणि खाली कापायला सोपे असे काहीच नाही. त्यामुळे मेंबर हाताला लागेल ते कापू लागले, नळ गेले, कपाटे गेली, आणि हेडक्लार्क म्हातारा झाला असे साहेब लोक म्हणू लागले. निवृत्तीच्या दिवशी विद्यापीठाने त्यांना एक काठी दिली. ती देतानाचे भाषण चार मिनिटांचे होते आणि त्यात त्यांचे आडनाव चुकले. आतोबा त्यानंतरही दर पावसाळ्यात लोणावळ्याच्या फलाटावर ती काठी टेकत उभे राहत. आता त्यांना कुणी पाठवलेले नसे. हातात गूळदाणीचा पुडा आणि एक कागद, त्यावर एकच कलम. किती तरी मेंबर गूळदाणी घेत आणि कागद खिडकीतच ठेवून जात. मग मी पार्सल हपिसातून जाऊन त्यांना हाताला धरून घरी आणी.

पुढे कौन्सिलचे नाव बदलले, पगड्या जाऊन टोप्या आल्या आणि जुने मेंबर घरी बसले. नव्यांना जुनी वहिवाट ठाऊक नव्हती. केवळ त्या अज्ञानामुळे एका साली मुलींचे वसतिगृह मंजूर झाले. त्यावर कुणी भाषणसुद्धा केले नाही. बांधून पुरे झाल्याचे वर्तमानपत्रात आले, तेव्हा आतोबा मला म्हणाले, "चल, बघून येऊ." मी रेल्वेचा पास काढला. त्यांनी काळा कोट घातला आणि सवयीने गूळदाणीचा पुडा घेतला.

इमारत सुरेख होती. तीन मजली, रस्त्याच्या बाजूला लांबच लांब गॅलऱ्या, कठड्यांवर वाळत घातलेली लुगडी, आणि खालच्या बागेत दोन मुली पुस्तक मांडीवर घेऊन कशावरून तरी भांडत होत्या. आतोबा फाटकाशी गेले. दरवान घाटावरचा असावा. त्याने त्यांना अडवले आणि अदबीने सांगितले, "बाबा, पुरुषमान्सांना आत मनाई हाय. कुणाला भेटायचं असंल तर नाव सांगा, मी बोलीवतो. तुमची कोन हाय आत? लेक का नात?"

आतोबांचा हात डाव्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. ते त्या वरच्या गॅलऱ्यांकडे बघत किती तरी वेळ उभे होते. मग त्यांनी गूळदाणीचा पुडा दरवानाच्या हातात दिला आणि म्हणाले, "आत कोणी नाही माझं. हे त्या बागेतल्या मुलींना दे."

घरी पोचलो तेव्हा इंदू पडवीत वह्या तपासत बसली होती. केसांत दोन-चार पांढरे दिसू लागले होते. तिने टाक खाली ठेवला आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "कशी आहे हो इमारत?"

ज्या माणसाने जन्मभर हातभर सापाचा तीन हात साप केला, त्याने कोट काढून खुंटीला लावला आणि पाठमोऱ्यानेच सांगितले, "आहे आपली. लहानशीच. विशेष काही नाही."

इंदूने माझ्याकडे पाहिले. मी बूट सोडायला खाली वाकलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "म्हणजे फार मोठी आहे." मग ती आत गेली आणि बाबांनी न मागताच त्यांच्यासाठी चहा टाकला.